बाटलीत फ्रॉस्टिंग भरता भरता ओटाच सजला (मदत हवी, २० तारखेच्या आत)

आंबटगोड | १० डिसेंबर, रात्री ११:५२

लेकीच्या बालवाडीचं स्नेहसंमेलन २० तारखेला आहे. बाईंनी पालकांच्या ग्रुपवर "खाऊचं कोण बघेल?" असं विचारलं आणि माझा हात वर गेला. मला वाटलं होतं चिवडा-लाडूवर भागेल. पण मीच पुढे टंकलं, "कपकेक करते, प्रत्येकावर मुलाच्या नावाचं पहिलं अक्षर!" मुलं ३२. शाळा मराठी, त्यामुळे अक्षरंही देवनागरी. यादी हाती आली तेव्हा कळलं की त्यात दोन 'श्र', एक 'ज्ञ' आणि एक 'ऋ' आहे.

कपकेकचं मला टेन्शन नाही, बिनअंड्याचे दह्यातले नेहमी करते. प्रश्न आयसिंगचा आहे. पायपिंग बॅग (आयसिंग पिळायची कोनासारखी पिशवी) माझ्या हातात टिकत नाही, वरून उलटी येते. म्हणून बाजारातून त्या पिळायच्या बाटल्या आणल्या, चायनीजच्या गाडीवर सॉसला असतात तशा, पारदर्शक, निमुळत्या चोचीच्या. ४०० मिलीच्या ६.

आज तालीम केली. २०० ग्रॅम बटर, ४०० ग्रॅम साखर, फेटून मस्त पांढरंशुभ्र केलं (शुभ्र म्हणजे पिवळसर). मग चमच्याने बाटलीत भरायला घेतलं. बाटलीचं तोंड लिंबाएवढं, चमचा त्याहून मोठा. दर चमच्याला निम्मं आत, निम्मं गळ्याला. आत गेलेलंही तळाशी न जाता खांद्याला चिकटून बसलं, खाली सगळी पोकळी. ओट्यावर आपटून पाहिलं, ढिम्म. शेवटी टोपण लावून जोर लावला तर आधी फुर्र, मग काहीच नाही, मग अजून जोर, आणि टोपणच उडालं. एक गोळा फ्रीजच्या दारावर, एक नवऱ्याच्या बनियनवर. त्याने आधी फोटो काढला, मग पुसलं.

बाटलीत हे प्रकरण नीट भरायचं कसं? की बाटलीचा नादच सोडू?

---

पोळपाट_लाटणं | १० डिसेंबर, रात्री ११:५८

फोटो टाका की! बनियनचा नको, फ्रीजचा.

---

कढीलिंब | ११ डिसेंबर, सकाळी ७:१५

वाचतेय. माझ्याकडेही अशाच दोन बाटल्या कपाटात पडून आहेत, त्यातलं एक तोंड मी कात्रीने इतकं मोठं कापलं की त्यातून आता इडलीचं पीठ पडतं.

---

धारवाले | ११ डिसेंबर, सकाळी ८:०२

नरसाळं वापरा. विषय संपला.

---

आंबटगोड | ११ डिसेंबर, सकाळी ८:२०

धारवाले, नरसाळ्यात ते तसंच बसून राहतं, महादेवाच्या पिंडीसारखं. ढोसलं तर बोटाला चिकटून वर येतं.

---

वसईचा_पाव | ११ डिसेंबर, दुपारी ३:४०

नरसाळं फक्त धारेच्या पदार्थाला. बटरक्रीमला (तुमच्या या फेटलेल्या बटर-साखरेला) धार नसते.

डिसेंबरात आमच्याकडे मान वर करायला वेळ नसतो, तरी भट्टी लागायच्या आत लिहितो. घरची बेकरी आहे, पप्पा लग्नाच्या केकवर रॉयल आयसिंगच्या (अंड्याचा पांढरा आणि साखर, वाळून कडक होतं ते) जाळ्या काढायचे. त्यांच्या हातात कधी बाटली पाहिली नाही. ते बटर पेपरचा त्रिकोण कापून कोन वळायचे, मेंदीचा असतो तसा. पण बाटली वाईट नाही, मी स्वतः वापरतो. फक्त तिच्यात काय भरायचं हे ठरलेलं असतं.

बटरक्रीम बाटलीत भरायचंच असेल तर चमचा बाजूला ठेवा. स्टीलचा उंच पेला घ्या. त्यात पायपिंग बॅग उभी करा आणि बॅगेचं तोंड पेल्याच्या काठावरून बाहेर दुमडा, गोधडीची कड दुमडतो तसं. दोन्ही हात मोकळे राहतात. आता चमच्याने आयसिंग बॅगेत घाला, इथे सांडायला जागाच नाही. कड वर घेऊन पीळ द्या. खालचं टोक अंगठा जाईल एवढं कापा. ते टोक बाटलीत तळापर्यंत घाला आणि पिळायला लागा. आयसिंग तळातून वर चढेल तसतशी बॅग वर ओढत न्यायची, टोक सतत आयसिंगच्या किंचित आत ठेवायचं. बॅगेच्या बाजूने हवा आपोआप वर निघून जाते. तुमचं काय झालं, तुम्ही वरून भरलंत, हवा खाली कोंडली. तिला जायला रस्ताच ठेवला नाही.

पायपिंग बॅग नसली तर जाड प्लॅस्टिकची कुठलीही स्वच्छ पिशवी चालेल.

भरून झालं की पंचा चौपदरी करून ओट्यावर ठेवा आणि त्यावर बाटली आपटा, दहाबारा वेळा. थेट ओट्यावर नको. मग टोपण न लावता बाटली हलकेच दाबा, आयसिंग तोंडाच्या कडेपर्यंत आलं की तसंच दाबून धरून टोपण फिरवा. वरची उरलीसुरली हवा अशी काढायची.

आणि टोपण उडालं ते जोरामुळे नाही. आट्यांना आयसिंग लागलं होतं. तूप लावलेली बरणी जशी घट्ट बंद होत नाही तसंच. आटे कोरड्या फडक्याने पुसल्याशिवाय टोपण लावायचं नाही.

तोंड आत्ता बारीकच कापा. मोठं कधीही करता येतं.

---

कढीलिंब | ११ डिसेंबर, दुपारी ३:४८

शेवटचं वाक्य मला उद्देशून आहे हे कळलं. :)

---

निम्मा_इंजिनियर | ११ डिसेंबर, संध्याकाळी ६:३०

वसईकरांना अनुमोदन. फुर्र का होतं ते मी सांगतो.

बाटली दाबली की आपण आयसिंग दाबत नाही, आतली हवा दाबतो, आणि हवा आयसिंगला ढकलते. हवा ही स्प्रिंग आहे. आत जितकी जास्त, तितकं आपला हात आणि चोच यांच्यातलं नातं ढिलं. तुम्ही दाबता, काही येत नाही, तुम्ही अजून दाबता, मग चोचीतला अडथळा सुटतो आणि आत साठलेला सगळा दाब एकदम बाहेर येतो. हात थांबवला तरी धार थांबत नाही, कारण स्प्रिंग अजून उलगडतेय. 'अ' चा काना काढताना शेपूट लांबतं ते याचमुळे.

दुसरी भानगड, हात सैल सोडला की बाटली फुगून मूळ आकारात येते आणि चोचीतून हवा आत ओढते. तो बुडबुडा पुढच्या खेपेला चोचीपाशी फुटतो. म्हणून (१) अक्षर काढून झाल्यावर चोच केकपासून उचला आणि मगच पकड सैल करा, (२) दोन अक्षरांच्या मध्ये बाटली उलटी, चोच खाली, पेल्यात ठेवा. आयसिंग चोचीशी, हवा बुडाशी. केचपवाल्या हाइन्झने १९८३ मध्ये पिळायची प्लॅस्टिकची बाटली आणली आणि तिला डोक्यावर उभं करायला २००२ उजाडलं. एवढी वर्षं अमेरिका बाटलीच्या बुडावर थापा मारत होती.

आता मुद्द्याचं. ४०० मिलीची बाटली कशाला? एका अक्षराला किती आयसिंग लागेल?

---

आंबटगोड | ११ डिसेंबर, रात्री १०:०५

अरे बापरे, हा विचारच केला नव्हता. मला आख्खा कपकेकच बाटलीने भरायचा होता. खाली पांढरा थर आणि वर अक्षर.

---

एडिसनची_माई | ११ डिसेंबर, रात्री १०:५०

अमेरिकेतून लिहितेय, आमच्याकडे दुपार. इथे डब्यातलं तयार फ्रॉस्टिंग मिळतं, ते नातवंडं बाटलीत भरतात. डबा मायक्रोवेव्हमध्ये दहा सेकंद ठेवला की ते पळीवाढं होतं आणि सरळ ओतता येतं. त्याहून जास्त ठेवलं की पाणी होतं आणि कपकेकवरून ओघळून कागदात जातं. बटरचं घरगुती आयसिंग मात्र मायक्रोवेव्हमध्ये घालायच्या भानगडीत पडू नकोस, बटर कडेने वितळतं, मधे गोळा राहतो आणि सगळं फुटतं. मी एकदा केलंय. फुटलंच तर फ्रीजमध्ये दहा-पंधरा मिनिटं ठेवून परत फेट, येतं जाग्यावर.

रच्याकने (बाय द वे), तुम्ही सगळे आयसिंग म्हणताय, शीर्षकात फ्रॉस्टिंग आहे. इथली पोरं मला रोज सुधारतात. लोण्याचं फेटलेलं ते फ्रॉस्टिंग, साखरेचं वाळून कडक होणारं ते आयसिंग.

---

पोळपाट_लाटणं | ११ डिसेंबर, रात्री १०:५५

आमच्या कोपऱ्यावरच्या केकवाल्याकडे दोन्हीला 'क्रीम' म्हणतात. "क्रीम कम लगाना" म्हटलं की जास्त लावतो.

---

वसईचा_पाव | १२ डिसेंबर, पहाटे ५:१०

इंजिनियरसाहेब बरोबर मुद्द्यावर आले. हिशेब देतो.

कपकेकवर गोल गोल वर चढवलेलं आयसिंग घालायचं तर एकाला ३०-४० ग्रॅम. ३२ चे झाले साधारण १ किलो ते सव्वा किलो. हे बाटलीचं काम नाही, हात गळून पडेल, आणि बाटलीच्या चोचीतून ती फुलाची नक्षी येतही नाही. त्यासाठी बॅग आणि ताऱ्याच्या आकाराचं नोझल, नाहीतर सरळ सुरीने सपाट थर. तुम्हाला अक्षर काढायचंय, तेव्हा सपाटच हवा. उंच फुलावर 'ज्ञ' कुठे काढणार? सुरीने लावला तर एकाला १५-२० ग्रॅम पुष्कळ झालं.

अक्षराला ३-४ ग्रॅम. ३२ अक्षरांचे शे-सव्वाशे ग्रॅम. ४०० मिलीच्या बाटलीत हे तळाला जेमतेम बोटभर. वर सगळी हवा, म्हणजे वर सांगितलेली ती स्प्रिंग. बाटली पाऊण भरेल एवढीच लहान घ्यायची. ५०-६० मिलीच्या मिळतात, त्यातल्या २ पुरेत.

आणि अक्षराला बटरक्रीम घेऊ नका, गनाश (गरम क्रीममध्ये वितळवलेलं चॉकलेट) घ्या. पांढऱ्यावर काळं अक्षर लांबून दिसतं, आणि गनाशला धार असते, बाटलीत सरळ ओतता येतं. धारवाल्यांचं नरसाळं इथे चालेल. :)

---

धारवाले | १२ डिसेंबर, सकाळी ८:०१

म्हटलं होतं ना.

---

शेवंती | १२ डिसेंबर, सकाळी ११:२०

गनाशच्या ऐवजी रॉयल आयसिंग घ्या की, सुकून कडक होतं, डब्यात पुसलं जात नाही. बिनअंड्याचं हवं तर काबुली चणे उकडलेलं पाणी घ्या, दाट. दोन टेबलस्पून पाणी एका पांढऱ्याच्या जागी धरतात. अंड्याच्या पांढऱ्यासारखंच फेसाळतं, मी बिस्किटांवर नेहमी करते. सुरीने वर रेघ ओढायची, दहा-पंधरा आकड्यांत रेघ मिटली तर ते पसरवायला योग्य. मिटलीच नाही तर रेघा काढायला योग्य.

---

वसईचा_पाव | १२ डिसेंबर, दुपारी ४:१५

शेवंतीताई, बिस्किटावर उत्तम, तुमची रेघेची परीक्षा आमच्याकडेही हीच. पण इथे खाली बटर आहे. बटरचा स्निग्धपणा रॉयल आयसिंगमध्ये चढतो, अक्षर कडक होत नाही आणि त्याच्या कडा ओलावतात. म्हणूनच रॉयल आयसिंगला बटरक्रीमची बाटली कधी द्यायची नाही, कितीही धुतली तरी. या मऊ प्लॅस्टिकला तुपकटपणा धरून ठेवायची खोड आहे. आमच्याकडे दोन्हीच्या बाटल्या वेगळ्या, टोपणावर मार्करने खूण.

---

चकलीची_भाजणी | १२ डिसेंबर, रात्री ९:३०

एवढं सगळं करण्यापेक्षा जेम्सच्या गोळ्या चिकटवल्या असत्या तर? आमच्या लहानपणी वाढदिवसाला मैद्याचा केक, वर काही नाही, आणि आम्ही तो मिटक्या मारत खायचो. हे इन्स्टाग्रामचं वेड आहे.

---

आंबटगोड | १२ डिसेंबर, रात्री ९:४१

भाजणीताई, पटलं, पण आता ग्रुपवर लिहून बसलेय. ३१ अंगठे आले आहेत. गोळ्यांनी 'ऋ' होत नाही.

---

जिलबीआज्जी | १३ डिसेंबर, सकाळी ६:४५

तुम्ही आज ज्याला स्क्वीज बॉटल म्हणता ती आमच्या घरात जिलबीची बाटली आहे. आमच्या सासूबाई जाड फडक्याला काजं घालतात तसं भोक शिवून घ्यायच्या, त्यातून जिलबी पाडायच्या. मला ते कधी जमलं नाही, पीठ मनगटावरून कोपरापर्यंत यायचं. मुलाने सॉसची रिकामी बाटली धुऊन दिली, तेव्हापासून मठ्ठा-जिलबी घरचीच.

एक अनुभवाचं सांगते. पीठ बाटलीत ओतायच्या आधी मी ते गाळून घेते. एक गुठळी चोचीत अडकली की जिलबीचं कडं तुटलंच. तुझी साखर कुठली गं?

---

आंबटगोड | १३ डिसेंबर, सकाळी ९:००

आज्जी, घरचीच. मिक्सरमधून काढलेली पिठीसाखर. का?

---

जिलबीआज्जी | १३ डिसेंबर, सकाळी ९:०६

तेच म्हटलं. चोळून बघ दोन बोटांत.

---

आंबटगोड | १३ डिसेंबर, सकाळी ९:३०

रवाळ लागतेय. :( मैद्याच्या चाळणीतून चाळली होती हो.

---

वसईचा_पाव | १३ डिसेंबर, दुपारी ३:५५

आज्जींनी चोर पकडला. घरच्या पिठीसाखरेत कितीही फिरवलं तरी कण राहतात. लाडवात ते गोड लागतात, दीड मिलिमीटरच्या भोकात ते दरवाजा लावतात. आधी काहीच नाही आणि मग एकदम गोळा, यात निम्मा हात हवेचा आणि निम्मा या कणांचा. विकतची आयसिंग शुगर घ्या, तिच्यात थोडा कॉर्नफ्लोअर असतो म्हणून गठ्ठे कमी होतात. तीही चाळून. घरचीच वापरायची असेल तर वस्त्रगाळ करा, मलमलच्या तुकड्यातून.

तुमच्या केसमध्ये साखर फक्त खालच्या थरात जाणार आहे, तिथे चोच नाही, म्हणून एवढं बिघडणार नाही. पण दाताखाली येईल.

---

निम्मा_इंजिनियर | १३ डिसेंबर, संध्याकाळी ७:१०

गनाशसाठी नरसाळ्याशिवायची युक्ती. रिकामी बाटली टोपण काढून पूर्ण चेपा, तोंड गनाशमध्ये बुडवा, सोडा. शाईच्या पेनासारखं वर ओढून घेते. भांडं अरुंद आणि खोल हवं, बाटलीचं तोंड वर आलं तर हवा ओढेल. नंतर आटे पुसायला विसरू नका. बटरक्रीमवर हे करून बघू नका. मी करून बघितलं, बाटली चेपलेलीच राहिली.

---

आंबटगोड | १४ डिसेंबर, रात्री ११:१५

दुसरी तालीम. ६ कपकेक केले.

६० मिलीच्या दोन बाटल्या आणल्या. ७५ ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक चिरलं, ५० ग्रॅम फ्रेश क्रीम कडेला बुडबुडे येईपर्यंत गरम करून त्यावर ओतलं, दोन मिनिटं तसंच ठेवून मधून बाहेर ढवळत गेले. चकचकीत झालं. नवऱ्याने चमचा बुडवला, त्याला हाकललं. बाटलीने ओढून घेण्याची युक्ती जमली!! इतका आनंद झाला की दोनदा केली.

पहिली तीन अक्षरं पसरली, गनाश गरम होतं. 'म' चा 'भ' झाला. मग सुचलं म्हणून बाटली फ्रीजमध्ये ठेवली, लेकीला झोपवून आले तर दगड. चोचीतून टाचणीही जाईना. रागाने ती बाटली उकळत्या पाण्यात ठेवली तर बाटली वाकडी झाली. आता ती नमस्कार करणाऱ्या माणसासारखी दिसते.

---

पोळपाट_लाटणं | १४ डिसेंबर, रात्री ११:१८

तिचा फोटो टाका!

---

एडिसनची_माई | १५ डिसेंबर, पहाटे २:३०

उकळतं नको गं, कोमट. हाताला सोसेल एवढं. ते प्लॅस्टिक मऊच असतं, म्हणून तर पिळता येतं. बाटली पाण्यात उभी ठेवायची, टोपण घट्ट आणि चोच पाण्याच्या वर. बाहेर काढली की आधी पूर्ण पुसायची, नाहीतर अंगावरचं पाणी ओघळून थेंब अक्षरावर पडतो. नुसतं वितळवलेलं चॉकलेट भरणार असाल तर बाटली आतूनही ठणठणीत कोरडी हवी, एक थेंब पाणी राहिला तरी चॉकलेट घट्ट होऊन त्याची रवाळ माती होते. गनाशला तेवढं वावडं नाही, त्यात क्रीमचं पाणी असतंच.

---

वसईचा_पाव | १५ डिसेंबर, सकाळी ५:२०

फ्रीज नको. डिसेंबर आहे, ओट्यावरच निवू द्या. दर दहा मिनिटांनी चमच्याने रेघ ओढून बघा. पडलेली रेघ ताटलीवर पसरली तर थांबा, उभी राहिली तर भरा. खालच्या ओठाला लावलं तर ना गरम ना गार. आणि भरायच्या आधी चहाच्या गाळण्यातून गाळा, न विरघळलेला चॉकलेटचा कपचा राहतो कुठेतरी. आज्जींच्या गुठळीचा भाऊ.

अक्षराचा क्रम: आधी कागदावर पाच-पाचदा काढून हात बसवा. मग केकवर शिरोरेघ शेवटी. आधी काढली तर खालच्या अक्षराला जागा पुरत नाही, आणि रेघ वाकडी गेली तर अक्षर तिच्यामागे वाकडं जातं. शेवटी ओढली की ती दोन-चार चुका झाकते. चोच केकला टेकवायची नाही, बोटाच्या पेराएवढी वर धरायची आणि धार खाली पडू द्यायची. धार टेकवली की पेन होतं, सोडली की दोरी. दोरी वळवता येते.

---

कढीलिंब | १५ डिसेंबर, सकाळी १०:४०

"टेकवली की पेन, सोडली की दोरी", हे मी फ्रीजवर चिकटवलंय. मेंदी काढणाऱ्या मुली अगदी असंच सांगतात. माझ्या भाचीने आयुष्यात केक केला नाही, पण मेंदी काढते, तिने पहिल्याच फटक्यात केकवर नाव लिहिलं आणि मी चार वर्षं क्लास करून बसलेय.

---

शेवंती | १५ डिसेंबर, दुपारी १:००

धुवायचं कोणी सांगितलंच नाही. गनाशची बाटली गार पाण्याने धुवू नका, तूपकट थर घट्ट बसतो. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा थेंब आणि चमचाभर कच्चे तांदूळ, टोपण लावून खुळखुळवा. तांदूळ कोपऱ्यातलं काढतात. चोचीत बाळाच्या निपलचा ब्रश जातो. मग उन्हात उलटी. केचपचा वास गेला नसेल तर खायचा सोडा घालून रात्रभर.

---

चकलीची_भाजणी | १५ डिसेंबर, दुपारी १:२५

तांदळाची युक्ती आमच्या आईची. तेलाच्या बाटल्या अशाच धुवायची. (मी अजूनही जेम्सच्या गोळ्यांच्याच बाजूची आहे.)

---

आंबटगोड | २० डिसेंबर, रात्री १०:३०

झालं एकदाचं!

काल रात्री ३६ कपकेक केले (४ तालमीला, त्यातले ३ नवऱ्याच्या पोटात). आयसिंग शुगर विकतची, दोनदा चाळून. सुरीने सपाट थर. गनाश गाळून, ओट्यावर पाऊण तास निववून, सरळ उरलेल्या छोट्या बाटलीत. ६० मिलीत सगळं मावत नाही, म्हणून १७ अक्षरांनंतर एकदा परत भरली. शेवटच्या दोन-तीन अक्षरांना परत फुर्र व्हायला लागलं, बघितलं तर बाटली निम्म्याच्या खाली गेलेली. निम्मा_इंजिनियर, तुमची स्प्रिंग डोळ्यांनी पाहिली.

मधे चोचीला गनाश सुकत होतं, तेव्हा पेल्यात ओला टिश्यू ठेवून त्यावर चोच टेकवून बाटली उलटी ठेवली. प्रत्येक वेळी उचलताना कोरड्या फडक्याने पुसलं.

'श्र' दोन्ही छान आले. 'ऋ' ला ११ वेळा कागदावर सराव लागला, केकवर पहिल्याच खेपेला. वसईकर, शिरोरेघ शेवटी हे खरंच जादूचं आहे, 'क' चं पोट वाकडं गेलं होतं ते कुणालाच दिसलं नाही.

'ज्ञ' मात्र फसला. वरची गाठ आणि खालचं शेपूट एकमेकांत मिसळले. रात्री दीड वाजता परत पांढरा थर खरवडून दुसरा काढायचं त्राण नव्हतं. सकाळी ज्ञानदाला धडधडत्या छातीने तो कपकेक दिला. ती दोन मिनिटं टक लावून बघत राहिली आणि म्हणाली, "काकू, माझ्यावर विमान आहे!" मग 'श्र' वाली श्रीया रडायला लागली, तिलाही विमान हवं होतं.

फोटो खाली टाकलाय. बनियनचाही.

---

वसईचा_पाव | २१ डिसेंबर, पहाटे ५:००

'ऋ' फार सुंदर. पप्पांना दाखवला, चष्मा लावून बघितला आणि म्हणाले, हात बरा आहे.

---

निम्मा_इंजिनियर | २१ डिसेंबर, सकाळी ९:१२

विमान जमलंय. उड्डाणाच्या कोनातही आहे.

---

कढीलिंब | २१ डिसेंबर, सकाळी ९:३०

अभिनंदन! त्या ४०० मिलीच्या ६ बाटल्यांचं काय केलंस शेवटी?

---

आंबटगोड | २१ डिसेंबर, सकाळी १०:०४

एकीत तेल भरलंय, डोशाच्या तव्यावर सोडायला. एक शेजारच्या काकूंनी नेली. एकीत लेक रंगीत पाणी भरून कुंडीतल्या मोगऱ्याला घालते. दोन माळ्यावर. सहावी आज्जींनी सांगितल्याप्रमाणे गाळलेलं पीठ घालून वापरली, काल रात्रीच. कडी तुटली नाहीत, पण पाक पातळ झाला. आज्जी, एकतारी म्हणजे नेमका किती हो?

---

जिलबीआज्जी | २१ डिसेंबर, सकाळी १०:१०

त्याचा वेगळा धागा काढ. मी तिथे येते.